प्रार्थनेला बसते, पण शब्दच येत नाहीत. काय करावं?

पहाटवारा:
आईला जाऊन सात महिने झाले. माहेरी रात्री जेवणं झाली की कौटुंबिक प्रार्थना असायची. आई पवित्र शास्त्र (बायबल) वाचायची, बाबा प्रार्थना करायचे, शेवटी ना. वा. टिळकांचं एखादं भजन. लग्नानंतरही पहाटेचा अर्धा तास मी कधी चुकवला नाही. आता शास्त्र उघडते आणि तेच पान समोर तसंच राहतं. डोळे मिटले की आयसीयूतली आई दिसते. विश्वास गेलेला नाही, पण सगळं कोरडं पडलंय. चर्चच्या मंडळीत कुणाजवळ बोललं तर "अजून प्रार्थना करा" एवढंच ऐकायला मिळतं. नाताळाआधीचा आगमनकाळ तोंडावर आलाय. रोज निभेल असं काही छोटं सुचवाल का?

नगरचा मास्तर:
ताई, स्वतःचे शब्द नसतील तर उसने घ्या. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं कितीतरी आहेत. तेरावं घ्या, सहाच वचनं आहेत. मूळ हिब्रूत सुरुवातीलाच "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. देवाला असं विचारणं म्हणजे अविश्वास असता, तर ते शास्त्रात राहिलं नसतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारावरच संपतं, शेवटी दिलासा असा नाहीच.

माझी पत्नी गेली तेव्हा मी महिनाभर तेरावंच वाचलं. सकाळी चहाचं आधण ठेवायचं आणि ओट्यापाशी उभं राहून मोठ्याने वाचायचं. मनातल्या मनात वाचू नका, मन लगेच भरकटतं. आणि आईंच्या आवडीचं भजन त्यांच्याच चालीत म्हणा. आवाज फुटला तर फुटू द्या.

वसईची:
मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडचं सांगते. संत इग्नेशियस लोयोला 1521 साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पायाला जखमी झाले. कित्येक महिने अंथरुणावर होते. मनाला भरती कधी येते, ओहोटी कधी लागते, हे तिथे पडल्या पडल्या ते न्याहाळू लागले. पुढे त्यांनी दिलेला एक नियम मला फार उपयोगी पडला: मन उजाड असताना, आधी शांत मनाने केलेला निश्चय बदलू नये. उलट अशा वेळी ठरल्यापेक्षा थोडं जास्तच बसावं. म्हणून तुमची वेळ मोडू नका, ताई. अर्ध्या तासाची दहा मिनिटं करा हवं तर, पण ठरवलेल्या दहाची अकरा करून उठा.

रात्री झोपण्याआधी मी दिवसाची उजळणी करते. आज देव जवळ कुठे वाटला, मी त्याच्यापासून दूर कुठे गेले, एवढंच पाहायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. माझ्या वहीत एका दिवशी फक्त "शेजारणीने केळी आणून दिली" एवढंच आहे. सासरे आजारी होते तेव्हाची ती ओळ. आज वाचली की तो अख्खा दिवस आठवतो.

रविवारची घंटा:
मला वही कधीच जमली नाही. मी दोन वर्षं चर्चमध्ये नुसती मागच्या बाकावर बसायचे. गात नव्हते, इतर गायचे ते ऐकायचे. माझ्या वाटची प्रार्थना तेव्हा मंडळीने केली असं मी आजही मानते. मदर तेरेसांनीही जवळजवळ पन्नास वर्षं असा कोरडेपणा सोसला. त्यांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा ते जगाला कळलं.

एक मात्र विचारते. झोप आणि जेवण ठीक आहे ना? नसेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला जरूर भेटा. त्याने विश्वासाला काही उणेपणा येत नाही.

पहाटवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. झोप तुटक आहे, या आठवड्यात डॉक्टरांकडे जाते. मास्तर, आज सकाळी तेरावं मोठ्याने वाचलं. चौथ्या वचनाला गळा दाटला, तोवर चहा उतू गेला. पण सात महिन्यांनी देवासमोर आवाज निघाला. आगमनकाळाच्या चारही रविवारी घरी मेणबत्ती लावून हेच स्तोत्र वाचायचं ठरवलंय, मुलालाही सोबत बसवेन.

वसईच्या ताई, उजळणी करताना आधी चुका आठवायच्या की आभार मानायचे?

वसईची:
आभार आधी. इग्नेशियसनीही तेच पहिलं ठेवलंय.