किक पहिल्या फटक्यात, पण सेल्फ दाबला की नुसताच ‘टक’

प्रश्न

गाडी ११० सीसीची, कार्ब्युरेटरवाली गिअरलेस स्कूटर आहे. स्टार्टर मोटर वेगळी, रिले (बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणारा स्विच) वेगळा. किक मारली की पहिल्या-दुसऱ्या फटक्यात सुरू होते आणि चालताना काहीच तक्रार नाही. सेल्फ मात्र दहातून सात-आठ वेळा लागत नाही. बटण दाबलं की रिलेतून एकदाच ‘टक’ असा आवाज येतो आणि पुढे सगळं शांत. पाच-सहा वेळा दाबल्यावर अचानक एखाद्या वेळी मोटर फिरते.

बॅटरी नवीन घातली, १२ व्होल्ट ५ अँपिअर-तासाची. फरक शून्य. हॉर्न खणखणीत वाजतो. मल्टिमीटर लावून बॅटरीच्या टोकांवर मोजलेले आकडे: चावी बंद असताना १२.६, चावी ऑन १२.५, ब्रेक धरून सेल्फ दाबल्यावर १२.३. मोटर बदलायची की रिले? की वायरिंग उघडावं लागेल?

उत्तर १

अजून काहीही बदलू नका. बटण दाबल्यावरचा तो १२.३ चा आकडा फार बोलका आहे.

एवढ्या गाडीची स्टार्टर मोटर इंजिन फिरवताना चाळीसेक अँपिअर ओढते. पाच अँपिअर-तासाच्या चांगल्या बॅटरीवरही तेवढा भार पडला की व्होल्टेज साडेदहा-अकराच्या आसपास उतरतो. तुमच्याकडे तो जेमतेम ०.२ ने उतरतोय. तेवढा करंट रिलेची कॉइल (आतला संपर्क ओढणारी तारेची गुंडाळी) आणि ब्रेक लाइटच घेतात. म्हणजे मोटरमधून करंट वाहतच नाही. बॅटरीच्या धनापासून ऋणापर्यंतच्या जाड वाटेत कुठेतरी रस्ता तुटलेला आहे.

हाच आकडा ८-९ पर्यंत पडला असता तर निदान उलटं झालं असतं: बॅटरी मेलेली, किंवा मोटर जाम वा आतून शॉर्ट. आणि ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला असता तर ती उतरलेल्या बॅटरीची खूण. रिले ओढला जातो, मोटरच्या भाराने व्होल्टेज कोसळतो, कॉइल सुटते, व्होल्टेज परत चढतो, कॉइल पुन्हा ओढते, असं चक्र चालू राहतं.

हॉर्न वाजतो म्हणून समाधान मानू नका. जोडात ०.०५ ओहमचा गंज असेल तर ३ अँपिअरच्या हॉर्नला फक्त ०.१५ व्होल्टचा तोटा होतो, कळतही नाही. मोटर ४० अँपिअर मागते तेव्हा त्याच जोडावर २ व्होल्ट जळतात. हेडलाइटवरूनही काही ठरवू नका, बऱ्याच स्कूटरमध्ये तो थेट मॅग्नेटच्या (इंजिनवरच्या जनित्राच्या) एसीवर चालतो आणि बॅटरीचा त्याच्याशी संबंधच नसतो.

आता मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून तीन मोजमापं घ्या. प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक धरून दोन-तीन सेकंद बटण दाबायला सांगा, आणि मोटर न फिरण्याच्या वेळचेच आकडे धरा.

पहिलं: रिलेच्या दोन जाड बोल्टांवर एकेक प्रोब. मोटरमधली वाट शाबूत असेल तर बटण सोडलेलं असताना इथे १२ च्या आसपास दिसेल, दाबल्यावर शून्याजवळ यायला हवं. ‘टक’ होऊनही १२ तसंच राहिलं तर कॉइल ओढते आहे पण आतला संपर्क जळलेला आहे.

दुसरं: लाल प्रोब मोटरच्या बोल्टवर, काळा प्रोब मोटरच्याच उघड्या धातूवर. बॅटरीच्या ऋणावर नाही. अर्थिंग (मोटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या ऋणापर्यंतची परतीची वाट) तुटलेलं असलं तरी बॅटरीच्या ऋणावर धरून १२ दिसेल आणि तुम्ही चांगल्या मोटरला दोष द्याल.

तिसरं: बॅटरीचं ऋण टोक ते मोटरची बॉडी.

मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात प्रोब घालून मोटरचा करंट मोजायला मात्र जाऊ नका. मीटरचा फ्यूज तरी जाईल, नाहीतर मीटरच.

उत्तर २

‘टक’ येतोय म्हणून तुमच्या बाबतीत बारीक वायरींची वाट शाबूत आहे. ज्यांच्या गाडीत आवाजच येत नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो: फ्यूज, चावीचा स्विच, ब्रेक लिव्हरमधला स्विच, सेल्फचं बटण, रिलेची कॉइल अशी ही साखळी. काही गाड्यांत साइड स्टँडचा स्विचही मध्ये असतो. ब्रेक दाबून मागचा लाइट लागतो का ते आधी पाहा. डाव्या लिव्हरने लागतो आणि उजव्याने नाही, तर उजव्या लिव्हरचा स्विच गेला. दोन्हींनी लागतो पण रिले गप्प, तर बटण किंवा कॉइल. बटणाच्या आत पाणी-धूळ जाऊन तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात, हे फार वेळा होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-पंधरा वेळा दाबलं तरी बऱ्याचदा काम होतं.

प्रश्नकर्ता

मोजलं. मोटर न फिरण्याच्या वेळचे आकडे असे: रिलेच्या दोन बोल्टांमध्ये ०.०२. मोटरचा बोल्ट ते मोटरची बॉडी १२.२. बॅटरीचं ऋण ते मोटरची बॉडी ०.०१. म्हणजे रिले आणि अर्थिंग दोन्ही ठणठणीत, दोष मोटरचा, बरोबर?

उत्तर १

मोटरचा, हे बरोबर. तिच्या दारापर्यंत १२.२ पोचतात आणि ती घेत नाही, म्हणजे आतली वाट तुटली. बहुतेक कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे छोटे ठोकळे.

पण ‘रिले आणि अर्थिंग ठणठणीत’ हे या आकड्यांवरून ठरत नाही. करंट वाहत नसेल तर वाईट जोडावरही व्होल्टेजचा तोटा शून्यच दिसतो. मोटर दुरुस्त झाली की हीच मोजमापं ती फिरत असताना पुन्हा घ्या. तेव्हा रिलेवर साधारण ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त नको, अर्थिंगच्या बाजूला ०.२ च्या आत हवं, आणि बॅटरीचं धन ते मोटरचा बोल्ट हा सगळा प्रवास अर्ध्या व्होल्टच्या आत बसायला हवा.

उत्तर ३

ब्रशची खात्री न उघडता करता येते. बटण दाबलेलं असताना स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या मागच्या टोकावर हलकेच टकटक करा. फिरली तर ब्रश झिजलाय किंवा होल्डरमध्ये अडकलाय. हातोडी वापरू नका. आतले चुंबक फेराइटचे असतात, त्यांना तडा गेला की मोटरच टाकावी लागते.

तुमचं ‘पाच-सहा दाबण्यांत एकदा’ हेही ब्रशशी जुळतं. ब्रश आखूड झाला की स्प्रिंगचा जोर संपत येतो आणि त्याची वेणीसारखी तांब्याची वायर होल्डरला टेकून त्याला पुढे सरकू देत नाही. मग संपर्क नुसत्या धक्क्यावर अवलंबून राहतो. कम्युटेटरची (ब्रश ज्यावर टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाची) एखादी पट्टी जळलेली असली तरी असंच होतं: मोटर नेमकी त्या जागी थांबली तर पुढच्या वेळी उठत नाही.

काढताना बॅटरीची ऋण वायर आधी सोडा. मोटरकडे जाणाऱ्या जाड वायरीवर बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. पाना एकाच वेळी रिलेच्या बॅटरीकडच्या बोल्टला आणि बॉडीला लागला तर ठिणगी उडेल, वायर पेटेल, आणि पेट्रोलची टाकी लांब नसते.

मोटर बाहेर आल्यावर, उघडण्याआधी तिच्या दोन्ही झाकणांवर आणि मधल्या नळीवर एकाच रेषेत खूण करा. झाकण चुकीच्या कोनात बसलं तर मोटर अशक्त फिरते किंवा उलटी. दोन लांब बोल्ट काढले की उघडते. आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) दोन्ही टोकांना पातळ वॉशर असतात. किती आणि कोणत्या क्रमाने, त्याचा फोटो काढून ठेवा. चुंबक आर्मेचर खेचून धरतात, तेव्हा झटका देऊन ओढू नका.

आत काळी पूड असेल ती कोरड्या ब्रशने झाडा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर. पेट्रोलने धुऊ नका, वाइंडिंगवरचं वार्निश खराब होतं. ब्रश होल्डरमध्ये बोटाने दाबून सोडले की आपसूक वर यायला हवेत. नव्याच्या अर्ध्यावर आले असतील तर दोन्ही बदला. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते.

कम्युटेटर तपकिरी-काळा असेल तर बारीक काचपेपर, ४०० ते ६०० नंबर, हलक्या हाताने गोल फिरवा. एमरी नको, तिची पूड पट्ट्यांच्या फटीत बसते आणि शॉर्ट करते. फटी टोकदार काडीने साफ करा. फटींतला अभ्रक पट्ट्यांच्या पातळीखाली दिसलाच पाहिजे, नाहीतर ब्रश त्यावर उड्या मारतो. मग मीटर ओहमवर घ्या: कोणत्याही दोन शेजारच्या पट्ट्यांत कंटिन्यूइटी (करंटला सलग वाट) हवी, पट्टी आणि शाफ्ट यांच्यात अजिबात नको. मोटरचा बाहेरचा बोल्ट आणि बॉडी यांच्यात, ब्रश उचललेले असताना, कंटिन्यूइटी दिसली तर बोल्टचं इन्सुलेटर गेलंय.

आत तेल सापडलं तर तोंडाकडची ओ-रिंग आणि ऑइल सील बघा. नवे ब्रश घालूनही तेल येत राहिलं तर महिन्यात पुन्हा हेच. बसवताना मोटरचे कान आणि इंजिनवरची जागा चकचकीत करा. या मोटरचं अर्थिंग त्या दोन बोल्टांतूनच जातं.

उत्तर ४

सेल्फ दाबल्यावर मोटर सुसाट फिरते पण इंजिन हलत नाही, असं ज्यांचं आहे त्यांनी ब्रश उघडू नयेत. तिथे मोटरला इंजिनशी जोडणारा वन-वे क्लच किंवा बेंडिक्स घसरतोय. बेंडिक्स बेल्टच्या डब्यात असेल तर त्याला ग्रीस चोपडू नका. बेल्टची पूड त्यात चिकटून तो आणखी अडकतो आणि ग्रीस उडून बेल्ट घसरतो. शाफ्ट कोरडा पुसून अगदी पुसटसा तेलाचा हात पुरतो.

आणखी एक. नव्या स्कूटरपैकी बऱ्याच गाड्यांत मॅग्नेटच स्टार्टर म्हणून फिरतो, आवाजाशिवाय. त्यात वेगळी मोटर नाही, ब्रश नाहीत, सगळं कंट्रोलरच्या हातात. रिलेचे दोन बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडून पाहण्याची युक्ती तिथे कधीही करू नये.

प्रश्नकर्ता

उघडली. एक ब्रश दुसऱ्याच्या निम्माही नव्हता आणि होल्डरमध्ये वाकडा अडकला होता. दोन्ही नवे घातले, कम्युटेटर साफ केला, फटी मोकळ्या केल्या. आता दर वेळी फिरते, पण जोर कमी वाटतो. मोटर फिरत असतानाचे आकडे: बॅटरी १०.८, मोटरचा बोल्ट ते मोटरची बॉडी ९.९, रिलेच्या दोन बोल्टांमध्ये ०.६, बॅटरीचं ऋण ते मोटरची बॉडी ०.१.

उत्तर १

वाटेत ०.९ जातात: रिलेवर ०.६, अर्थिंगला ०.१, उरलेले ०.२ वायरी आणि त्यांच्या टोकांवर. बॅटरी चांगली आहे, अर्थिंगही ठीक. रिले मात्र दोषी.

पण आधी हे बघा: प्रोब वायरीच्या थिंबलवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) धरला होता की बोल्टच्या टोकावर? थिंबलवर धरला असेल तर गंजलेला जोडही त्या ०.६ मध्ये मोजला गेला. दोन्ही नट काढा, थिंबल आणि बोल्टचा माथा घासून चकचकीत करा, घट्ट आवळा, आणि आता प्रोब थेट बोल्टच्या टोकांवर ठेवून पुन्हा मोजा. ०.६ तसेच राहिले तर आतला संपर्क जळलाय. ब्रश अडकत-सुटत असताना मारलेल्या असंख्य ‘टक’मुळे तो खडबडीत झाला असणार. रिले बहुधा बंद डब्याचा असतो, तो उघडून घासण्यात अर्थ नाही, तितक्याच अँपिअरचा नवा लावा.

ब्रश नवे आहेत, त्यांची तोंडं कम्युटेटरच्या गोलाईला बसेपर्यंत थोडा जोर कमी राहील. तोवर एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त बटण धरू नका आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट जाऊ द्या.