दुबई पॅकेजने बघायची की एक दिरहमच्या होडीतून? ठाणेकर, नवी मुंबईकर बोला

घोडबंदरकर:
आमच्या सोसायटीतून गेल्या दिवाळीपासून तीन कुटुंबं दुबई करून आली. तिघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवा, माणसं सोडली तर बाकी सगळं सेम टू सेम. बुर्ज खलिफा, वाळूत उडणारी जीप, मॉलमधलं अ‍ॅक्वेरियम आणि येताना खजुराचा डबा. आम्ही दोघं जानेवारीत गेलो ते पॅकेज न घेता आणि आल्यापासून मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतोय की बाबांनो ते शहर खाडीवर आहे, मॉलमध्ये नाही.

राहिलो बर दुबई भागात, खाडीच्या एका काठावर, साध्या हॉटेलात. नोल कार्डावर, म्हणजे तिकडच्या प्रवासाच्या कार्डावर, दिवसाचा पास २० दिरहमला मिळतो, त्यात मेट्रो बस ट्राम सगळं आलं (दिरहम चोवीस रुपयांच्या आसपास धरा). आणि समोरच्या काठावरच्या देराहून बर दुबईला पलीकडे जायला अब्रा, म्हणजे लाकडी होडी, तिचा दर १ दिरहम. एक! मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून वीसेक माणसं, कडेला धड कठडा नाही, इंजिनाचा धूर, शेजारी कोण पाकिस्तानी टेलर तर कोण केरळचा पोरगा भाजीची पिशवी घेऊन. पाच-सात मिनिटांत पलीकडे. मी एका संध्याकाळी सहा फेऱ्या मारल्या, शेवटी बायको म्हणाली आता उतर, होडीवाल्याला वाटेल तू नोकरी मागायला आलायस.

देराच्या धक्क्यावर लाकडी गलबतं लागलेली असतात, त्यांच्यावर फ्रीज, टायर, गाद्या असलं काय काय चढत असतं, इराणला नाहीतर सोमालियाला जायला. दुबईत तेल सापडलं १९६६ ला, त्याच्या आधी सगळा कारभार मोती आणि या खाडीवरचा व्यापार यावरच. १९६६ पर्यंत तिकडे चलनसुद्धा आपलाच रुपया होता, रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. खाडी गाळानं भरत चालली तेव्हा त्यांच्या शेखनं कर्ज काढून ती उपसली. आपल्या ठाण्याचं बंदर मात्र गाळात गेलं ते गेलंच, असो, तो वेगळा धागा होईल.

तर मत असं की पॅकेजवाला दुबई बघतच नाही, एसी बसच्या काचेतून बिल्डिंगा बघून येतो. कमी पैशात फिरलं तरच खरी दुबई दिसते. बोला.

नेरूळची_मावशी:
बोलते. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले, त्यांना त्या कठडा नसलेल्या होडीत तुम्ही बसवून दाखवा मग मी पॅकेज सोडते. अहो तुम्ही दोघं तरणीताठी, पाठीला सॅक लावली की निघालात. आमच्यात सहा माणसं, त्यात एक लहान मूल. मेट्रो छान आहे मान्य, पण स्टेशनातून बाहेर पडून समोरच्या मॉलमध्ये जायचं तर पुलावरून चालतच राहायचं चालतच राहायचं, सीवूड्सपासून नेरूळपर्यंत आल्यासारखं वाटतं. आमच्या पॅकेजमध्ये रोज संध्याकाळी वरण-भात मिळत होता आणि सासूबाई पाचही दिवस हसत होत्या. काचेतून तर काचेतून. आणि ते "खरी दुबई" प्रकरण जरा आवरा हं.

कोपरीचा_बंटी:
मावशी १००% बरोबर. भाऊ राग नको पण ज्याला दाटीवाटी, कापडाची दुकानं आणि "आओ भाई आओ बेस्ट प्राइस" बघायचंय त्यानं अंबरनाथ लोकल पकडून उल्हासनगरला जावं ना, व्हिसा कशाला काढायचा? मी पाच वर्षं पैसे साठवले ते चकचकाट बघायलाच. ८२८ मीटर उंच इमारत माणसानं बांधलीय तर मला तिच्यावर जायचंय, दीडशे दिरहमच्या वर तिकीट गेलं तरी चालेल. तुमच्यासारख्यांना श्रीमंत शहरात जाऊन साधेपणा शोधायची हौस असते आणि ती हौस मला तरी जास्त महाग वाटते. आम्ही साधेपणात रोजच राहतो हो, वन बीएचकेत.

घोडबंदरकर:
बंटी, उल्हासनगरचा टोला बसला 😄 पण बुर्ज खलिफा खालून फुकट दिसतो रे, कारंजी पण फुकट, ज्यानं बघितलं त्यानं सांगावं वर जाऊन नेमकं काय वेगळं दिसतं, वर गेल्यावर बुर्ज खलिफाच दिसत नाही. मावशी, तुमचा मुद्दा मान्य, वयस्कर माणसं सोबत असतील तर गाडी हवीच. पण मग टॅक्सी करा ना, मीटरवर चालते. पॅकेजनं आमच्या शेजाऱ्यांना एका सोन्याच्या दुकानात दीड तास बसवलं, ते काय दर्शन?

वाशी_खाडीपूल:
खर्चाचा हिशेब अर्धवट देताय. व्हिसा कुठे धरला? हॉटेलवाले दर रात्रीमागे टुरिझमची वेगळी फी लावतात ती कुठे धरली? काही स्वस्त विमानं दुबई विमानतळाच्या टर्मिनल २ ला उतरतात, तिथे मेट्रो नाही. रात्रीची मेट्रो बंद असते आणि रविवारी सकाळी आठशिवाय सुरू होत नाही. म्हणजे टॅक्सी आलीच. शेवटी पॅकेजपेक्षा फार तर पंधरा-वीस टक्के वाचत असतील आणि डोकेदुखी आपली. मी तरी एक्सेल करून बघितलंय.

तलावपाळी_कट्टा:
एक्सेल 🙏 नवी मुंबईकर शेवटी.

देरा_रिटर्न:
एरवी इथे नुसता वाचतो पण आज लिहितो. अकरा वर्षं देरात काढली, आता कळव्याला असतो. एका खोलीत आम्ही आठ जण, दुमजली खाटा, तिकडे त्याला बेडस्पेस म्हणतात. पलंगाला चारी बाजूंनी चादरीचा पडदा लावायचा, तेवढंच आपलं घर. मोबाईल, चार्जर, बायकोनं पाठवलेलं मेतकूट, देवाचा फोटो सगळं त्या पडद्यात. त्या अब्रानं मी रोज कामाला जायचो. खरं सांगू का, अकरा वर्षांत तिच्यात एकदाही फोटो काढावासा वाटला नाही.

घोडबंदरकर, तुम्ही मनापासून लिहिलंय ते कळतंय. पण "खरी दुबई" हा शब्द मला खटकला. शहराबाहेर कामगारांच्या राहण्याची जागा आहे, लोक तिला सोनापूर म्हणतात. भांडुपच्या सोनापूरवरून रिक्षा गेली की मला अजून ते आठवतं. खरी म्हणाल तर मग तीही खरी, तिथे कोण फिरायला जात नाही आणि जाऊ पण नये, माणसं दमून झोपलेली असतात. आणि शेख झायेद रोडवरचे ते टॉवर, ते पण खरेच, माझ्या खोलीतल्या दोघांनी त्यातल्या एकाच्या काचा बसवल्यात. बंटीनं वर जावं. आमच्यातले कितीतरी जण कधी वर गेले नाहीत, बांधताना गेले तेवढेच.

पण एक तुमच्या बाजूनं बोलतो. पॅकेजवाल्या बसेस खाडीवर यायच्या, लोक उतरायचे, दहा मिनिटं फोटो आणि परत बस. चहाच्या टपरीवर कोण थांबायचं नाही. एकदा एक आजी आणि नातू असे दोघंच आले, मराठीत भांडत होते रस्त्यावरून. मी मध्ये पडून रस्ता सांगितला, आजींनी गाव विचारलं आणि पिशवीतून शंकरपाळ्यांची पुडी काढून हातात दिली. तिच्यातली एकही मी खोलीत कुणाला दिली नाही, हे लिहिताना अजून लाज वाटते. ते दोघं पॅकेजनं आले असते तर भेटलेच नसते.

घोडबंदरकर:
दादा, "खरी" शब्द मागे घेतला. जुनी दुबई म्हणतो. बाकी मताला चिकटून आहे.

नेरूळची_मावशी:
देरा रिटर्न, शंकरपाळ्या द्यायला कळव्याला येते मी, थांबा. 🙂
आणि एक गंमत. कुणीतरी यादीत रास अल खोर टाकेल फ्लेमिंगो बघायला, फुकट असतं म्हणून. आमच्या नेरूळला खाडीकाठी उभं राहिलं की हिवाळ्यात तेच पक्षी, ऐरोलीला तर वनखात्याची बोट आहे. तेवढ्यासाठी समुद्र ओलांडू नका.

कळंबोली_एक्सप्रेस:
सगळे जानेवारीचं बोलताय. स्वस्तच जायचं तर जून-जुलैला जा, हॉटेलं अर्ध्यावर येतात, मुलांना पण नेता येतं. आम्ही त्याच वेळी शोधतोय.

देरा_रिटर्न:
जाऊ नका हो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला तिकडे कायद्यानं बंदी आहे. जिथे सरकार मजुराला आत बस म्हणतंय तिथे तुम्ही पोरांना घेऊन बाजार फिरणार? त्या दिवसांत गेलात तर मॉलच बघाल, दुसरं काय जमतच नाही. मग घोडबंदरकरांचा धागा फुकट गेला.

वाशी_खाडीपूल:
म्हणजे हिवाळ्यात जायचं, हिवाळ्यात हॉटेल महाग. मी म्हणत होतोच.

घोडबंदरकर:
अहो खाडीपूल, महाग म्हणजे मरीनावर, त्या नव्या टॉवरवाल्या भागात महाग. देरातलं नायफ, बर दुबई बाजूला तेव्हाही बरं मिळतं. खाण्याचं तर विचारूच नका, पाच-सहा दिरहममध्ये पराठा रोल आणि करक चहा, म्हणजे आपला कडक चहाच, वेलची घालून. जेबेल अलीला गुरुद्वारा आहे, लंगर असतो, शेजारीच २०२२ ला झालेलं नवीन मंदिर. आम्ही दोघं चार दिवसांत हॉटेलात बसून एकदाच जेवलो, बाकी घरून नेलेला चिवडा.

तलावपाळी_कट्टा:
चिवड्यावरून आठवलं, हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, पॅकेजवाले आणि होडीवाले दोघांनी वाचा. तिकडे खसखस चालत नाही. बंदी आहे, अमली पदार्थात धरतात, यात जोक नाही. अनारसे, गोडा मसाला, काही जणांच्या करंजीच्या सारणात पण असते. आई प्रेमानं बॅगेत घालते आणि पोरगं कस्टमला अडकतं.

कोपरीचा_बंटी:
च्यायला खरंच?? आमच्या आईनं आत्ताच डबा भरायला घेतलाय. मार्चचं बुकिंग आहे. थांबा विचारून येतो.

कोपरीचा_बंटी:
अनारसेच होते. काढले. आईनं विचारलं मग काय नेणार, म्हटलं शंकरपाळ्या. बरं आता एक सांगा, मेट्रोत बसून खाल्ल्या तर चालतं का?

देरा_रिटर्न:
१०० दिरहम दंड. पाणी प्यायलास तरी. होडीत खा.

कोपरीचा_बंटी:
म्हणजे तुम्ही मला होडीत बसवूनच सोडणार. बसतो. पण आधी बुर्जवर.