मदत हवी आहे: बाबांच्या रेडिओत सेल पाघळलेत, रेडिओ वाचेल का?

सत्तरीची लेक:

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात फोंड्याला राहते. आमचं मूळ घर सत्तरीत, वाळपईच्या पुढे. बाबा गेल्यापासून ते वर्षातले बहुतेक महिने बंदच असतं. चवथीला उघडतो, मे महिन्यात आंब्या-फणसांसाठी एकदा जातो, तेवढंच. यंदा चवथीच्या साफसफाईला गेले आणि कपाटातून बाबांचा ट्रान्झिस्टर काढला. मागचं झाकण निघेना. चाकूच्या टोकाने हळूच उचकटलं, तर आतले चारही मोठे सेल फुगलेले, आणि एक कप्प्याला असा चिकटलेला की हाताने सुटेना. खाली तपकिरी, चिकट लगदा. दोन स्प्रिंगा हात लावताच तुटून पडल्या.

सकाळच्या बातम्या बाबा ह्याच रेडिओवर ऐकायचे. आकाशवाणी पणजी लागली की आमचं घर जागं व्हायचं. त्यांच्या आजारपणात रेडिओ कपाटात गेला आणि आतले सेल काढायचं कुणालाच सुचलं नाही. चार वर्षं ते तसेच आत राहिले. एवढी साधी गोष्ट आपल्या हातून राहून गेली, हे मला फार लागलंय.

त्यात आईच्या बीपीच्या मशीनचंही तेच झालं. त्यात चार पेन्सिल सेल आहेत, पण वर्षभर आम्ही ते अडॅप्टर लावून चालवत होतो, म्हणून सेल आत आहेत ह्याचा विसर पडला. मे महिन्यात कप्पा उघडला तेव्हा एका टोकाला थोडी कोरडी पांढरी भुकटी होती. मी ती फुंकून टाकली आणि कप्पा बंद केला. जुलैत पाहते तर तीच भुकटी ओली होऊन सगळीकडे पसरलेली आणि एक तार काळी पडलेली.

व्हिडिओ बघून मी दोन्हीकडे व्हिनेगर लावलं. मशीनमध्ये फेस आला. रेडिओत काहीच झालं नाही, उलट दुसऱ्या दिवशी पत्र्यांवर नवा गंज दिसला.

रेडिओ वाचेल का? मशीनचं काय करू? आणि मुख्य म्हणजे हे परत होऊ नये म्हणून काय करायचं? आपल्याकडच्या दमट हवेने होतं का हे? शेजारच्या काकी म्हणतात सेल फ्रिजमध्ये ठेवावेत. आमच्या गॅस गिझरच्या सेलच्या स्प्रिंगाही दर पावसाळ्यात हिरव्या पडतात, तेही ह्यातलंच का?

फळा आणि खडू:

ताई, आधी एक सांगते. ती भुकटी पुन्हा कधी फुंकू नका. डोळ्यांत गेली तर मोठी इजा होते. हातात रबरी मोजे हवेत, आणि डोळ्याला लागलंच तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुऊन थेट डॉक्टर.

आता तुमच्या फेसाबद्दल. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. तुमच्याकडे दोन वेगळ्या जातींचे सेल पाघळलेत आणि दोघांना औषध एकच दिलं गेलंय.

मशीनमधले सेल बहुधा अल्कलाइन असणार, वेष्टणावर तसं छापलेलं असतं. त्यांत जस्ताची पूड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. हे द्रावण जस्ताला स्वस्थ बसू देत नाही. सेल नुसता पडून असला तरी हळूहळू हायड्रोजन होत राहतो. पूर्वी तो कमी व्हावा म्हणून जस्तात किंचित पारा घालत. १९९० च्या दशकात पारा काढला गेला आणि त्याच्या जागी दुसरे उपाय आले. सेल संपत आला की वायू जास्त होतो, दाब वाढतो आणि उणे टोकाकडचं सील हार मानतं. बाहेर आलेलं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पोटॅशियम कार्बोनेट बनतं. तीच तुमची पांढरी भुकटी. ती अल्कधर्मी, म्हणून व्हिनेगर पडताच फेस आला. तिथे तुमचं बरोबरच होतं.

रेडिओतले मोठे सेल मात्र साधे, जस्त-कार्बनचे असणार. आपल्या दुकानांत मोठे सेल बहुतेक तेच मिळतात. ह्यात जस्ताचा डबा हाच सेलचा एक ध्रुव असतो. म्हणजे वीज देता देता डब्याची भिंतच खर्च होते, पातळ होते आणि शेवटी तिला भोकं पडतात. आतला लगदा झिंक क्लोराइडचा किंवा अमोनियम क्लोराइडचा, आणि तो आम्लधर्मी. त्यावर व्हिनेगर म्हणजे आम्लावर आम्ल. तिथे खायचा सोडा हवा होता.

ओळखायचं कसं? घरातली हळद घ्या. कागदावर ओली हळद लावून त्यावर भुकटीचा कण ठेवा. लाल-तांबडी झाली तर अल्कलाइन. हळदीत चुना घालून कुंकू करतात, त्यातली हीच गंमत. पिवळीच राहिली तर सोडा वापरा.

मे महिन्यातली कोरडी भुकटी जुलैत ओली का झाली, तेही ह्यातच आलं. पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. आपल्याकडच्या पावसात ते पसरणारच. दमट हवेने सेल फुटत नाही, पण एकदा फुटला की नुकसान लांबवर नेण्याचं काम ही हवा करते.

सत्तरीची लेक:

बाई, हळद लावून पाहिली. मशीनमधली भुकटी लालभडक झाली आणि रेडिओतला लगदा पिवळाच राहिला! आता रेडिओत सोडा लावते. अजून एक विचारू का? घरात माडाच्या सुरेचं व्हिनेगर आहे आणि भिरंडाचं म्हणजे कोकमाचं आगळही आहे. मशीनमध्ये अजून थोडं राहिलंय, त्याला ह्यातलं काय चालेल?

फळा आणि खडू:

आगळ मुळीच नको. त्यात मीठ असतं आणि मीठ धातूला गंजवतं. सुरेचं व्हिनेगर आम्ल म्हणून काम करेल, पण त्यात गाळ आणि इतर अंश असतात, ते पत्र्यावर राहतात. पांढरं साधं व्हिनेगर किंवा गाळलेला लिंबाचा रस कापसाच्या काडीवर घ्या. ओतू नका.

डाखवाला:

मी म्हापशाला रेडिओ-टेप दुरुस्त करायचो, आता घरीच थोडंफार करतो. ताई, रेडिओ जाणार नाही, घाबरू नका. जुन्या ट्रान्झिस्टरांत सेलचा कप्पा सर्किटपासून बऱ्यापैकी लांब असतो. तुम्ही सांगताय त्यावरून नुकसान स्प्रिंगांपुरतंच दिसतंय.

चिकटलेला सेल स्क्रूड्रायव्हरने खणून काढू नका, कप्पा फुटतो. कडेने सोड्याचं दाट पाणी थेंबथेंब सोडा, दोन तास थांबा, मग हलवा. त्यानंतर जुन्या टूथब्रशने सगळं खरवडून काढा, ओल्या कापडाने सोडा पुसा. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने पुसून पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या. नळाच्या पाण्यातले क्षार मागे राहतात, म्हणून डिस्टिल्ड. इन्व्हर्टरला घालायला पंपावर मिळतं तेच.

पत्र्यावर वरवरचा गंज असेल तर पेनचा खरखरीत खोडरबर पुरतो. बारीक पॉलिश पेपर लागलाच तर हलक्या हाताने, कारण वरचा निकेलचा मुलामा गेला की पत्रा लगेच पुन्हा गंजतो. तुटलेल्या स्प्रिंगांसाठी कारखान्याच्या पार्टची वाट बघू नका. जुन्या टॉर्चची स्प्रिंग बसते.

मशीनची ती काळी तार मात्र बदलायलाच हवी. अल्कलाइनचं द्रावण तारेच्या प्लास्टिकखालून आत सरकत जातं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, कितीही तासा. चकचकीत तांबं दिसेपर्यंत तार कापत जायचं आणि तिथून नवी जोडायची. ती काळी रेघ बोर्डापर्यंत पोचली असेल तर मशीन नवंच घ्या, आईच्या औषधाचा प्रश्न आहे. चाललं तरी एकदा डॉक्टरांकडच्या मापाशी ताडून बघा.

खारं वारं:

गिझरबद्दल सांगतो, माझं घर कोलव्याला समुद्राजवळ आहे, त्यामुळे हा त्रास मलाही होता. तुमच्या स्प्रिंगांचा हिरवा रंग म्हणजे सेल पाघळलाच असं नाही. बाथरूमची वाफ, आमच्याकडे वर खारा वारा, त्याने तांब्या-पितळेवर हिरवा थर येतो. मी डब्याचं झाकण नीट बसतंय ना ते बघतो आणि पुसून कोरड्या केलेल्या टोकांना व्हॅसलीनचं अगदी पुसट बोट लावतो. जाड लावलं तर धूळ धरतं. दोन पावसाळे झाले, स्प्रिंगा स्वच्छ आहेत.

आणि गिझरचे दोन्ही सेल एकदमच बदला. एक संपला म्हणून एकच नवा घालायची आमच्या घरची सवय होती, ती मी मोडली. नवा सेल दमलेल्यातून जबरदस्तीने करंट रेटतो, दमलेल्याचे ध्रुव उलटे होतात आणि तो आत वायू धरून फुटतो. वेगळ्या कंपन्यांचे किंवा साधा आणि अल्कलाइन असे मिसळले तरी तेच.

फळा आणि खडू:

फ्रिजचं राहिलंच. काकींना सांगा, नको. बाहेर काढल्यावर सेलवर दव धरतं आणि आपल्याकडे तर भरपूर. घरातली सावलीची, कोरडी जागा पुरते. तसंच सेल उन्हात तापवून पुन्हा वापरायची गावाकडची पद्धतही सोडा. थोडा वेळ चालल्यासारखा वाटतो खरा, पण उष्णतेने आतला वायू वाढतो. चार्जिंगचा नसलेला अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालणं त्याहून वाईट.

महागाचा सेल पाघळत नाही असं मात्र नाही. वापरलेला अल्कलाइन आत विसरलात तर तो जास्तच त्रास देतो. भिंतीवरच्या घड्याळाला आणि रिमोटला करंट इतका कमी लागतो की सेल जवळजवळ मेला तरी काटे फिरत राहतात, आणि पाघळतो तो नेमका त्या अवस्थेत. बंद घरात टॉर्च तयार असायलाच हवी असेल तर तिच्यासाठी १.५ व्होल्टचे लिथियमचे पेन्सिल सेल घ्या. त्यांत पाण्याचं द्रावण नसतं, ते पाघळणं फार विरळा. महाग आहेत, पण एका टॉर्चपुरते परवडतात.

डाखवाला:

माझं साधं आहे. घर बंद करताना मेन स्विच पाडतो, गॅस बंद करतो आणि त्याच फेरीत रेडिओ, घड्याळ, टॉर्च सगळ्यांचे सेल बाहेर. प्रत्येकाचे सेल रबर लावून त्याच्या शेजारीच ठेवायचे, म्हणजे परत आल्यावर शोधावे लागत नाहीत. चालू घरात नवीन सेल घालताना मार्करने त्यावर तारीख टाकतो आणि चवथीला आणि शिगम्याला (होळीच्या सुमारास) सगळी झाकणं उघडून बघतो. व्होल्ट मोजायचं मीटर असेल तर सोपं जातं. नवा अल्कलाइन १.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. १.२ च्या खाली गेलेला मी पुन्हा आत घालत नाही. चार्जिंगचे सेल मुळातच १.२ चे असतात, त्यांना हा हिशेब लावू नका.

मांडवीकाठ:

विषय थोडा बाजूला जातोय, पण लहान मुलं असलेल्या घरांसाठी लिहितोच. रिमोटमधला, खेळण्यातला चपटा बटन सेल मुलाने गिळला तर उलटी करवू नका, वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सेल काढून ठेवाल तेव्हा मुलांचा हात पोचणार नाही अशा जागीच ठेवा.

पाघळलेले सेल ओल्या कचऱ्यात टाकू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले सेल घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, म्हणजे ते वेगळे द्यायचे. मी प्लास्टिकच्या बरणीत साठवतो आणि कचरा नेणाऱ्यांना सांगून वेगळे देतो.

सत्तरीची लेक:

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार.

सोड्याच्या पाण्याने सेल सुटला. रात्रभर ठेवावं लागलं, दोन तासांत काही झालं नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक जुनी टॉर्च मिळाली, तिच्या स्प्रिंगा इथल्या एका दुरुस्तीवाल्याने रेडिओत बसवून दिल्या. चार नवे सेल घातले आणि पणजी लागली. आई आतून विचारत आली, कुणी लावला म्हणून. मग आम्ही दोघी बातम्या संपेपर्यंत तिथेच बसलो.

बीपीच्या मशीनची तार बोर्डापर्यंत काळी होती. नवं घेतलं. त्यात सेल घातलेच नाहीत, अडॅप्टरवरच ठेवलंय आणि सेल शेजारच्या डबीत तारीख टाकून.

आता एकच अडचण उरलीय. रेडिओचा आवाज वाढवायचं बटन फिरवलं की खरखर येते, मध्येच आवाज जातो. हे त्या लगद्यामुळेच का?

डाखवाला:

नाही, ती चार वर्षांची धूळ आहे. बटनाच्या मागे जो व्हॉल्यूम कंट्रोल असतो त्याच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि बटन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. अर्धा तास वाळू द्या. पण फवारण्याआधी सेल बाहेर काढा.