केमो जवळच्या दवाखान्यात घ्यावी का? कॅन्सर आणि रक्तविकाराच्या डॉक्टरांबद्दल विचारायचंय

जांबोटीची_सून

नमस्कार मंडळी. सासूबाईंचं (वय 58) उजव्या स्तनाचं ऑपरेशन बेळगावात झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आता एसीच्या (दोन केमो औषधांची जोडी) 4 केमो दर 21 दिवसांनी आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल ह्या औषधाच्या आठवड्याला एक अशा 12, असं लिहून दिलंय. पावसाळ्यात आमच्या बाजूनं दर आठवड्याला बेळगाव गाठायचं म्हणजे कठीण. तालुक्याच्या गावी ट्रस्टचा एक दवाखाना आहे. तिथं आठवड्यातून दोन दिवस कॅन्सर आणि रक्तविकाराचे डॉक्टर येतात, डेकेअरला (दिवसा उपचार घेऊन घरी जायचं) 6 खाटा आहेत. तिथं केमो दिली तर चालेल का? काय बघून ठरवायचं?

दुसरं म्हणजे सासऱ्यांच्या सीबीसीत (रक्तपेशींची तपासणी) प्लेटलेट 42,000 आल्यात. अंगावर डाग नाहीत, कुठून रक्तही जात नाही. त्यांनाही ह्याच डॉक्टरांना दाखवायचं का? रेशनकार्ड बीपीएलचं आहे.

डेकेअर_सिस्टर

ताई, चालेल. पण केमोचा आराखडा बेळगावच्या डॉक्टरांचा आणि देणं जवळच्या दवाखान्यात, अशी वाटणी दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगून करा. बेळगावहून लेखी घ्या: औषधांची नावं, मिलिग्रॅममधले डोस, उंची-वजन, आधी द्यायची इंजेक्शनं, इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट. एसीतलं लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, हृदयावर ताण आणतं, म्हणून इको झाल्याशिवाय पहिली केमो होऊ देऊ नका.

आधी डॉक्टर कोण ते विचारा. केमो देणारे ते मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, त्यांची पदवी डीएम मेडिकल ऑन्कोलॉजी. रक्तविकाराचे वेगळे, डीएम क्लिनिकल हिमॅटॉलॉजी. बोर्डावर दोन्ही नावं एकत्र लिहिलेली असतात, पण येणारे डॉक्टर ह्यांपैकी कोण हे विचारायला संकोच करू नका. आणि केमोचा दिवस डॉक्टर हजर असतील तोच ठेवा. डॉक्टर नसताना नुसत्या सिस्टरच्या भरवशावर केमो नको, हे सिस्टर म्हणूनच सांगते.

औषध कुठं कालवतात तेही बघा. त्यासाठी काचेचं कपाट लागतं, बायोसेफ्टी कॅबिनेट म्हणतात त्याला. सलाईनच्या टेबलावर कालवत असतील तर तिथं केमो घेऊ नका.

पहिली एसी आणि पहिल्या दोन पॅक्लिटॅक्सेल बेळगावातच घ्याव्यात असं माझं मत. पॅक्लिटॅक्सेलची रिॲक्शन बहुतेक पहिल्या दोन डोसांत आणि सलाईन सुरू झाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत येते. चेहरा लाल होतो, छाती आवळते, बीपी उतरतं. म्हणून आधी डेक्सामेथासोन आणि ॲलर्जीचं इंजेक्शन देतात. ह्या औषधाला साधा आयव्ही सेट, म्हणजे सलाईनची नळी, चालत नाही. पीव्हीसी नसलेला आणि 0.22 मायक्रॉनची गाळणी असलेला सेट लागतो. तो दवाखान्यात ठेवतात का, हे फोन करून विचारलंत तर तिथली तयारी कितपत आहे ते लगेच कळेल.

लाल औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, जखम महिनोन् महिने भरत नाही. सुई टोचल्यावर रक्त मागं येतंय का बघून, चालत्या सलाईनमधून हळूहळू ढकलायचं. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, जरा जरी चुरचुरलं तरी ओरडायचं, सोसून गप्प बसायचं नाही. तसं झालं तर औषध थांबवून, सुई न काढता तिच्यातूनच जेवढं येईल तेवढं मागं ओढून घेतात आणि जागेवर थंड शेक देतात. गरम शेक अजिबात नाही. काखेतल्या गाठी काढल्यात, त्यामुळं उजव्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टाही नको. डाव्या हाताच्या शिरा आताच बारीक असतील तर केमो पोर्टबद्दल (कातडीखाली बसवायची, मोठ्या शिरेत जाणारी नळी) बेळगावलाच विचारा. लघवी एक-दोन दिवस लाल होईल, ते रक्त नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ताप. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत थर्मामीटरवर 100.4 दिसला की तो साधा व्हायरल समजायचा नाही. बेळगावच्या वाटेला लागू नका, जो दवाखाना जवळ तिथं आधी जा. सीबीसी आणि ब्लड कल्चरला (रक्तातल्या जंतूंची तपासणी) रक्त घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. मोठ्या दवाखान्यात हलवायचं ते त्यानंतर. घोटाळा होतो तो इथंच: घरी पॅरासिटामॉल देतात, ताप दबतो, सकाळी बघू म्हणतात आणि सकाळी बीपी लागत नाही. आधी ताप मोजा, मग दवाखाना.

रात्रपाळीचे डॉक्टर तुमची केस ओळखत नसतात. फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून चिकटवा: केमोचा पेशंट, शेवटची केमो अमुक तारखेला, अमुक औषधं, ताप आल्यास न्यूट्रोपेनिया (पांढऱ्या पेशी कमी) धरून एका तासात अँटिबायोटिक. खाली केमोच्या डॉक्टरांचा नंबर. मराठी-कन्नडचा प्रश्नच येत नाही मग.

निपाणी_पॅथलॅब

सासऱ्यांचं आधी. 42,000 हा आकडा मशीनचा आहे का? सीबीसीच्या जांभळ्या टोपणाच्या बाटलीत ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, असतं. काहींच्या रक्तात त्यामुळं प्लेटलेटचे गठ्ठे होतात, मशीन ते मोजत नाही आणि प्लेटलेट कमी दिसतात. डाग नाहीत, रक्तस्राव नाही आणि आकडा मात्र इतका कमी, तेव्हा पहिली शंका हीच. पेरिफेरल स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) मागा, गठ्ठे काचेवर दिसतात. नाहीतर निळ्या टोपणाच्या सायट्रेट बाटलीत पुन्हा रक्त द्या. त्यात रक्त थोडं पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्याला 1.1 नं गुणायचं.

स्मिअरवरही खरंच कमी दिसल्या तर हिमॅटॉलॉजिस्ट. डेंग्यू, लिव्हर-प्लीहा, चालू गोळ्या, हेपॅटायटिस सी, एचआयव्ही, आयटीपी (शरीर स्वतःच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार), अस्थिमज्जेचा आजार अशी कारणांची यादी ते तपासत जातील. तोवर ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन नको आणि कमरेच्या स्नायूतलं इंजेक्शन तर नकोच, आत रक्त साकळतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर बंद करायचं की नाही ते डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. पपईच्या पानांच्या रसावर दिवस घालवू नका. स्मिअरमध्ये ‘ब्लास्ट’ (अपक्व पेशी, रक्ताच्या कॅन्सरची शंका) असा शब्द आला तर ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मोठं सेंटर. तीव्र ल्युकेमियाची पहिली केमो सहा खाटांच्या डेकेअरचं काम नाही, तिथं रोज प्लेटलेट लागू शकतात.

सासूबाईंची सीबीसी केमोच्या आदल्या दिवशी करा, म्हणजे पेशी कमी निघाल्या तर फेरी वाचते. नुसता टोटल काउंट बघू नका. टोटल काउंटला न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) टक्क्यानं गुणून 100 नं भागा. काउंट 1,800 आणि न्यूट्रोफिल 22 टक्के असतील तर 396. 500 च्या खाली म्हणजे धोका. एसीसाठी बहुतेक ठिकाणी हा आकडा 1,500 आणि प्लेटलेट 1 लाख असल्याशिवाय पुढची केमो देत नाहीत.

ऑपरेशनच्या पॅथॉलॉजीचे मेणाचे ब्लॉक त्या लॅबकडून मागून घेऊन जपून ठेवा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. ईआर, पीआर (हार्मोनच्या) आणि हर-2 (एका प्रथिनाची) ह्या गाठीवरच्या तपासण्या रिपोर्टमध्ये आहेत ना? हर-2 ‘2+’ आलं असेल तर फिश ही जनुकाची तपासणी त्याच ब्लॉकवर होते आणि ट्रास्टुझुमॅब हे हर-2 वरचं औषध द्यायचं की नाही ते तिच्यावर ठरतं. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.

योजना_कागदपत्र

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. पण तो ट्रस्टचा दवाखाना योजनेत, आणि तेही कॅन्सरच्या उपचारांसाठी, नोंदलेला आहे का हे आधी विचारा. दवाखाना योजनेत आहे पण केमो नाही, असंही असतं. केमो जिथं, मंजुरी तिथूनच मागायची असते आणि ती केमोच्या आधी. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळवून बघा. कन्नड, मराठी, इंग्रजी करता करता एखादं अक्षर बदलतं आणि मंजुरी अडकते.

महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू केली. तुमचं गाव त्या यादीत असेल तर मिरज-कोल्हापूरकडच्या योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्रांना (योजनेचं काम बघणारे कर्मचारी) भेटा. आपल्या भागासाठी ही सोय मोलाची आहे, कागद हातात ठेवाच.

पुढं मुंबईला जावं लागलं तर कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. दवाखान्याच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो.

जांबोटीची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांचं रक्त उद्याच निळ्या टोपणात देतो. सिस्टर, एक राहिलं. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घरी आणून ठेवायला सांगितलंय. आमच्याकडं पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते.

डेकेअर_सिस्टर

ते फिलग्रास्टिम असेल, 2 ते 8 अंशांत ठेवायचं. केमो संपल्यावर निदान 24 तास ते देत नाहीत, तेव्हा आधीपासून घरी आणायची घाईच नाही. ट्रस्टच्या दवाखान्यातल्या किंवा जवळच्या आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये ठेवून रोज तिथंच टोचून घेता येईल का, विचारा. घरी आणावंच लागलं तर थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या, त्यावर दुमडलेला टॉवेल आणि मग इंजेक्शनचा खोका. बर्फाला थेट टेकून गोठलं तर ते वापरू नका.