मुलाकडे टोकियोला ९० दिवस: दिवसभर करायचं काय?

वर्धारोडवाला:
नमस्कार मंडळी. मी ६९, सौ. ६५. वीज मंडळातून निवृत्त होऊन ११ वर्षं झाली. मुलगा-सून टोकियोत असतात, निशी-कासाई नावाच्या भागात. नातू येत्या एप्रिलमध्ये पहिलीत जातो, तिकडे शाळा एप्रिलातच सुरू होते. मुलानं एप्रिल ते जूनचं तिकीट काढून टाकलं. म्हणतो, बाबा, यंदा नागपूरचं ऊन चुकवा.

ऊन चुकवायला माझी ना नाही. पण २ वर्षांपूर्वी ३ आठवडे राहून आलो, तर चौथ्या दिवसापासून मी बाल्कनीत उभा राहून खालच्या सायकली मोजत होतो. मुलगा सकाळी ८ ला जातो, रात्री ८ ला येतो. सून घरूनच काम करते, कानाला हेडफोन. आम्ही टीव्ही लावला की तिची मीटिंग. एकदा सौ.नं पहाटे साडेसहाला खलबत्त्यात लसूण कुटला, तर दुसऱ्या दिवशी दारात कागद. अख्खा जपानीत. सून म्हणाली, "काही नाही, विनंती आहे." तिच्या चेहऱ्यावरून विनंती वाटत नव्हती.

नातू आमच्याशी मराठीत बोलतो, पण चिडला की जपानीत. म्हणजे भांडायचीही सोय नाही. इथे मी अंबाझरीला चक्कर मारून, तर्री-पोहे खाऊन, दहा जणांशी बोलून घरी येतो. तिथे लिफ्टमध्ये लोक मान लववतात, की झालं बोलणं. ३ आठवडे कसेबसे काढले. ९० दिवस कसे काढू? "पुस्तकं वाचा" सांगू नका, मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालं आहे.

बर्डीचा पोट्टा:
काका, काऊन टेन्शन घेऊन राहिले? इथं मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरू भरू आमची कंबर जाऊन राहिली, अन् तुम्ही सायकली मोजायला कंटाळून राहिले. मले पाठवा तुमच्या जागी!

हनुमाननगरची आजी:
पोट्ट्या, तुला कळायला अजून ३५ वर्षं आहेत.

भाऊ, मी मुलीकडे चारदा जाऊन आले, तिकडेच. पहिल्या खेपेला न्हाणीघरात नळ सोडून रडत होते. मुलगी दमून घरी यायची, आणि मी दिवसभर कोणी बोललं नाही म्हणून तिच्यावर तुटून पडायची. वर तिचं स्वयंपाकघर "नीट" लावून दिलं. डाळींचे डबे माझ्या उंचीला, मसाले माझ्या हाताला. ती काही बोलली नाही. मी नागपूरला परतले त्याच रात्री तिनं सगळं होतं तसं परत लावलं. जावयाच्या तोंडून निघून गेलं म्हणून मला समजलं.

दुसऱ्या खेपेला मी जाताच विचारलं, एक काम माझ्या नावावर कर, पण पूर्ण. तिनं कचरा दिला. हसू नका! तिथे कचरा म्हणजे परीक्षा असते. जळणारा आठवड्यातून दोनदा, प्लास्टिकचा वार वेगळा, बाटल्या-डबे वेगळे, वर्तमानपत्रं दोरीनं बांधून. सकाळी ८ च्या आत ठरलेल्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि वरून जाळी ओढायची, नाहीतर तिथले धिप्पाड कावळे पिशव्या फाडतात. वार चुकला तर पिशवीला चिकटपट्टी लावून तिथेच सोडून जातात. सगळ्या गल्लीला दिसते.

तर एका सकाळी वारा होता, जाळी उडत होती. समोरच्या इमारतीतली एक म्हातारी आली, तिनं एक टोक धरलं, मी दुसरं. कडेला विटा ठेवल्या. ती काहीतरी म्हणाली, मी म्हटलं "हो ना, वारं फार सुटलंय". त्या दिवसापासून आमचं रोज असंच चाललं, ती तिच्या भाषेत, मी माझ्या. निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला एक फळ दिलं, देकोपोन. सोलायला आपल्या संत्र्यासारखं सोपं, वर देठाकडे गाठ. आंबटपणा कमी पडला, पण तिला ते कसं सांगणार?

नातवाला संध्याकाळी आणायचं कामही मागून घ्या. पाचच्या सुमारास रस्त्यावरच्या भोंग्यातून एक धून वाजते, मुलांनी घरी निघायची खूण. आणि सकाळी शाळेच्या चौकात पिवळे झेंडे धरून उभे असतात ते बहुतेक आपल्याच वयाचे.

माहेर प्रतापनगर, सध्या टोकियो:
काका, मी तुमच्या सुनेच्या बाजूनं लिहिते. घर दोन खोल्यांचं, त्यातली एक माझं ऑफिस. सासूबाई आल्या की मला आनंद होतो, आणि दुपारी २ ला दार बंद करताना अपराधीही वाटतं. तुम्ही रोज ठरल्या वेळी दोन तास बाहेर पडलात तर तिला किती बरं वाटेल, हे ती स्वतः कधीच सांगणार नाही. निशी-कासाईत ग्योसेन पार्क आहे, आत छोटं प्राणिसंग्रहालय, फुकट. २००० च्या आसपास आयटीवाले इथे येऊ लागले, त्यामुळे बाकावर कोणी ना कोणी हिंदी-मराठी बोलणारं भेटतंच. २०१९ मध्ये तर आपले योगेंद्र पुराणिक याच एदोगावा वॉर्डातून नगरसेवक झाले.

आता महत्त्वाचं. बीपी-शुगरच्या ३ महिन्यांच्या गोळ्या तशाच बॅगेत टाकून येऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं १ महिन्यापुरतीच चालतात. जास्त हवी तर आधी ऑनलाइन अर्ज करून युन्यू काकुनिनशो हे प्रमाणपत्र घ्यायचं. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं अजिबात आणायची नाहीत. इथला सरकारी आरोग्य विमा पाहुण्यांना नाही, तेव्हा प्रवासी विमा भारतातूनच काढा. संत्री-आंबे विमानतळावरच काढून घेतील. आणि मिक्सर आणू नका. इथे १०० व्होल्ट आहे, आमचा नागपूरचा मिक्सर नुसता कण्हत होता.

वर्धारोडवाला:
सगळ्यांचे आभार. गोळ्यांचं मुलाला ठाऊकच नव्हतं, आज अर्जाला बसलाय.

बेटा, मिक्सरचं वाचून मात्र जीव सुखावला. कण्हणारच तो, २३० चा आहे. आणि विजेची वारंवारता टोकियोला ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०. १९व्या शतकाच्या शेवटी टोकियोनं जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकानं अमेरिकन, ते आजतागायत जुळलं नाही. एकाच देशात! व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावला की चटणी होईल. पण सौ. म्हणते, खलबत्त्याचा कागद आला, तर मिक्सरचं काय येईल?

काल रात्री सुनेला फोन करून विचारलं, कचऱ्याचे वार कोणते? ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, यादी फ्रिजवर लावलेली आहे, फोटो पाठवते." पाठवला. जपानीत आहे. प्रत्येक ओळीपुढे तिनं पेनानं मराठीत लिहून दिलंय.