मदत हवी आहे: ह्यांचं दुकान आता मी चालवणार
नमस्कार. ह्यांना जाऊन दोन महिने झाले. सांगलीत गणपती पेठेजवळचं, सासऱ्यांपासूनचं किराणा-मसाल्याचं दुकान सोमवारपासून मी उघडतेय. राजापुरी हळद मला वासावरून कळते, कागदांचं मात्र काही कळत नाही. जीएसटी ह्यांच्या नावावर. सीए म्हणतात, नवीन नंबर घ्या, शिल्लक क्रेडिट (माल घेताना भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्म भरून तुमच्याकडे येईल. फूड लायसन्सला मृत्यूपासून ९० दिवसांची मुदत, म्हणजे महिनाच उरला. कुणी केलंय का हे? वारसाचे कोणते कागद लागले?

आणि उधारीची वही! ह्यांच्या अक्षरात नुसतं 'बुलेटवाले मामा १,८४०', 'गिरणी, मागचे धरून ६२०'. मामा रोज दुकानासमोरून जातात, गाडी हळू करून नमस्कारही करतात. मागायचे कसे, तेही सांगा.