मदत हवी आहे : गिटार, तुणतुणं आणि संबळ एकत्र असताना साउंड कसा लावायचा?

नमस्कार मंडळी. परवा संभाजीनगरात एका इंडी-फोक (लोकसंगीताच्या ढंगात स्वतःची गाणी करणाऱ्या) बँडचा कार्यक्रम ऐकला आणि फार वाईट वाटलं. यांची गाणी मी मोबाइलवर रोज ऐकतो, शब्द पाठ आहेत. पण मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये बास एवढा चढवला होता की गायकाचा एक शब्द कळेना. गिटारवरची बोटं दिसत होती, गिटार ऐकू येत नव्हती. तुणतुण्याची तर तारच बुडाली. मधूनमधून माइक शिट्टी मारायचा. अर्ध्या खुर्च्या मध्यंतरातच रिकाम्या झाल्या. पोरं जीव तोडून गात होती हो, दोष त्यांचा नव्हता.

आपल्या मातीत हे संगीत नवं नाही. तुळजापूरचा गोंधळ, पैठणच्या नाथांची भारुडं, सगळं शब्दांवर उभं आहे. शब्दच पोचला नाही तर उरतं काय?

आता अंबाजोगाईत आम्ही मित्र असाच छोटा कार्यक्रम करतोय. दोन गायक, गिटार, तुणतुणं, संबळ. हॉल पत्र्याचा, माणसं दीडशेच्या आसपास. संबळ काडीने वाजतं, मुळातच मोठं. त्याला माइक लावावा का? तुणतुण्याला पिकअप (वाद्यालाच लावायचा छोटा माइक) चिकटवावा की समोर माइक ठेवावा? पत्र्याचा घुमारा कमी करायला जाड पडदे, सतरंज्या पुरतील का?

मराठवाड्यात लोकवाद्यांचा साउंड समजून करणारा कुणी माहीत असेल तर कृपया कळवा. लग्नातला डीजेवाला नको.